पाच एचपीचा व्हॅक्यूम आणि एक एचपीची मोटर : प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

लाकूड घासायचा बेल्ट सँडर बांधायला घेतला. १५० मिलिमीटर रुंद पट्टा, दोन रूळ, एक टेबल. आराखड्यात मोटरपुढे एवढंच लिहिलंय : ‘१.५ एचपी’ (एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती).

माझ्याकडे १ एचपीची एक जुनी सिंगल फेज मोटर पडून आहे. ती उचलायला दोन्ही हात लागतात. कोपऱ्यात वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर आहे आणि त्याच्या पिंपावर ‘५ एचपी’ असं ठसठशीत छापलंय. साफसफाईसाठी तो उघडला होता तेव्हा त्याची मोटर हातात घेतली होती. एका पंजात मावते. पंजात मावणारी मोटर पाच घोड्यांची आणि दोन हातांना जड जाणारी एका घोड्याची, हे मनाला पटत नाही.

सँडर थोडा थांबू दे. आधी हातातल्या यंत्रांची खरी ताकद मोजायची. अंदाज नको, आकडा हवा.

रविवार, ८ जून

आज फक्त पट्ट्या वाचल्या. स्टिकर नव्हे, यंत्राच्या बुडाशी किंवा पाठीशी असते ती धातूची किंवा चंदेरी कागदाची नेमप्लेट.

जुनी मोटर : १ एचपी, ०.७५ किलोवॅट, २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ६ अँप, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे), ड्यूटी एस१.

व्हॅक्यूम : वर स्टिकरवर ‘५ एचपी पीक’ (‘पीक’, म्हणजे कमाल, हा शब्द ‘५’च्या मानाने फारच बारीक), आणि खाली पट्टीवर २३० व्होल्ट, १४०० वॅट.

ड्रिल : ६०० वॅट, नो-लोड (भाराविना) २८०० आरपीएम.

मिक्सर : ७५० वॅट, त्यापुढे ‘केबी ५ मिनिटे’.

चार यंत्रांवर चार तऱ्हा. मोटरवरचा आकडा शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, मिळणाऱ्या ताकदीचा असतो. माझ्या जुन्या मोटरसारख्या इंडक्शन मोटरच्या बाबतीत हा जुना, पक्का रिवाज आहे : एचपी असो वा किलोवॅट, नेमप्लेटवर असते ती बाहेर येणारी यांत्रिक शक्ती. ड्रिल, मिक्सर, व्हॅक्यूम यांच्यावरचे वॅट मात्र प्लगमधून आत जाणाऱ्या विजेचे. एक आकडा दुकानाच्या मागच्या दारावर मोजलेला, दुसरा पुढच्या. दोन्हींना ‘पॉवर’च म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘एस१’ म्हणजे या भारावर मोटर अखंड चालवा, तापमान एका जागी स्थिरावेल आणि तिथेच राहील. ‘एस२’ असेल तर पुढे मिनिटं लिहिलेली असतात. तेवढा वेळ चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. मिक्सरवरचं ‘केबी’ त्याच जातीचं, थोड्या वेळाच्या कामाचं. म्हणजे ७५० वॅट खरे, पण सलग पाच मिनिटांपुरते. ही अक्षरं मी आजवर कधी वाचलीच नव्हती.

मंगळवार, १० जून

संध्याकाळी वाचन. एचपी हे माप आलं कुठून ते नीट बघितलं.

१७८०च्या दशकात जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं अशा लोकांना विकायची होती, ज्यांची चक्रं घोडे फिरवत होते. त्यांचा सरळ प्रश्न : तुझं यंत्र माझे किती घोडे वाचवील? वॅटने धरलेला हिशेब असा सांगितला जातो. २४ फूट व्यासाच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. मी कागदावर करून पाहिला. एका फेरीचे ७५.४ फूट, मिनिटाला २.४ फेऱ्या, म्हणजे १८१ फूट. त्याला १८० पौंडांनी गुणलं की मिनिटाला सुमारे ३२,६०० फूट-पौंड. वॅटने ते ३३,००० धरले. आजच्या मापात ७४५.७ वॅट. विजेच्या कामात सरसकट ७४६ धरतात.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. वॅटचा घोडा *तासभर* फेऱ्या मारतो. पुढच्या तासालाही मारतो. हा आकडा घोड्याच्या एका झटक्याचा नाही, पाळीभर टिकणाऱ्या कामाचा आहे. झटका मोजायचा तर घोडा कितीतरी जास्त देतो. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या लेखात, ओढण्याच्या स्पर्धांमधल्या जुन्या नोंदींवरून, घोडा काही सेकंदांपुरती जवळजवळ १५ अश्वशक्ती देऊ शकतो असा हिशेब मांडला होता. म्हणजे खुद्द घोडाच ‘१ एचपी अखंड, १५ एचपी पीक’ आहे.

अश्वशक्ती जन्मली तेव्हापासून तिच्यात ‘किती वेळ’ हा प्रश्न गृहीत होता. स्टिकर छापणाऱ्यांनी तो गाळला.

शनिवार, १४ जून

मोटरची ताकद मोजायला ब्रेक बांधला. मोजायचं तत्त्व जुनंच आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये असाच ब्रेक लावून इंजिनाची ताकद मोजली होती. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्द याच पद्धतीतून आला. माझा ब्रेक दोरीचा.

मोटरच्या शाफ्टवर १५० मिलिमीटर व्यासाची बिडाची सपाट पुली, वजन साधारण २ किलो. तिच्या खालून १० मिलिमीटर जाडीची सुती दोरी, दोन्ही टोकं वर लोखंडी चौकटीला. प्रत्येक टोकाला सामान तोलायचा ५० किलोचा डिजिटल काटा. एका काट्याच्या वर आटे पाडलेला लांब बोल्ट, तो आवळला की दोरी ताणते. पुली फिरू लागली की दोरीची एक बाजू जास्त ताणते, दुसरी सैल पडते. दोन काट्यांतला फरक म्हणजे मोटर प्रत्यक्ष लावत असलेला जोर. जोर गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर. त्रिज्येत दोरीची अर्धी जाडी धरायची : ७५ अधिक ५, म्हणजे ८० मिलिमीटर. टॉर्कला फिरण्याच्या गतीने गुणलं की वॅट.

पहिल्या फेरीत काटे अदलाबदल झाले होते. मोटर माझ्या समजुतीच्या उलट दिशेला फिरत होती, त्यामुळे आवळायचा बोल्ट ताणलेल्या बाजूला आला. एका आट्यात दोरी पुलीवर चावली, काटा हुकातून निसटून चौकटीवर आपटला. कुणाला लागलं नाही. आता काट्यांना सुरक्षेची साखळी, पुलीवर जाळी, डोळ्यांवर चष्मा, आणि चालू यंत्राच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. ब्रेकमध्ये मोटरची सगळी ताकद उष्णताच होते. १ एचपी जर २ किलोच्या बिडात जात असेल तर मिनिटाला जवळपास ५० अंश चढतात. दोरीला करपल्याचा वास लगेच आला. म्हणून नियम : प्रत्येक वाचन ३० सेकंदांच्या आत, मग पाच मिनिटं थंड.

रविवार, १५ जून

मुख्य दिवस. पुतणी मदतीला. ती टॅकोमीटर (गती मोजायचा) आणि वॅटमीटर वाचते, मी काटे आणि बोल्ट सांभाळतो.

सुरुवातीला दोरी सैल, भार शून्य. क्लॅम्प मीटरवर ४ अँप.

“काका, ही काही कामच करत नाहीये, तरी चार अँप?”

चांगला प्रश्न. ४ गुणिले २२८ व्होल्ट केले तर नऊशेच्या वर जातं, पण वॅटमीटरवर १९० वॅट. इंडक्शन मोटरला आपलं चुंबकीय क्षेत्र उभं ठेवायला जो प्रवाह लागतो तो बहुतांशी नुसता येतो आणि परत जातो. त्यातून ऊर्जा खर्च होत नाही. म्हणून अशा मोटरचा नुसता अँप बघून ताकद ठरवता येत नाही, पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपच्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा, मध्ये येतो. वॅटमीटर हवाच. तिला मी हेच झोक्यावर समजावलं : झोका पुढे-मागे कितीही हलला तरी त्याच्यावर खर्च होते ती फक्त घर्षणापुरती ताकद. तिला ते पटलं, मला अर्धवट वाटलं. आणखी चांगलं उदाहरण शोधायचं आहे.

मग भार वाढवत गेलो. ताणलेली बाजू ९.० किलो, सैल बाजू २.६ किलो असताना गती १४३६ आरपीएम. फरक ६.४ किलो, म्हणजे ६२.८ न्यूटन, गुणिले ०.०८ मीटर, टॉर्क ५.०२ न्यूटन-मीटर. शाफ्टवर ७५५ वॅट.

१.०१ एचपी.

मी काही क्षण काही बोललोच नाही. इतकी जुनी मोटर, बेअरिंग एकदा बदललेलं, आणि पट्टीवर लिहिलंय तेवढं अगदी बरोबर देते. आत जात होते १०३० वॅट, ५.८ अँप, म्हणजे कार्यक्षमता ७३ टक्के. उरलेले २७५ वॅट वाइंडिंग (तारेचे वेढे), लोखंड, पंखा आणि बेअरिंगमध्ये. ज्या कुणी ती पट्टी ठोकली त्या माणसाने खरं लिहिलं होतं.

आता पुढचा प्रश्न. हिला एक एचपीच्या पुढे ढकललं तर?

फरक १०.४ किलोवर गती उतरून १३९०, शाफ्टवर ११८८ वॅट, म्हणजे १.५९ एचपी. प्रवाह १० अँप. मोटर कुरकुरली पण चालत राहिली. आणखी आवळलं. गती भराभर उतरू लागली, आवाज जाडसर झाला, आणि मोटर अडून बसण्याच्या अगदी आधीचं शेवटचं वाचन : फरक १३.४ किलो, गती ११८० च्या आसपास. १३०० वॅट, १.७४ एचपी. लगेच स्विच बंद.

म्हणजे या मोटरवर कुणी ‘१.७ एचपी पीक’ लिहिलं असतं तर ते मोजमाप म्हणून खोटं ठरलं नसतं. पण त्या अवस्थेत ती एखादं मिनिटही ठेवण्याजोगी नाही. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह अडीचपट झाला की उष्णता सहापटीहून जास्त. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, आधी तपकिरी होतं, मग त्याला भेगा, मग वेढे एकमेकांना चिकटतात. मोटर जळते म्हणतात ती अशी.

सोमवार, १६ जून

कालच्या शेवटच्या वाचनात चूक आहे. रात्री नोंदी तपासताना दिसलं की त्या वेळी पुतणीने व्होल्ट २०९ लिहिलेत. सुरुवातीला २२८ होते. मधे २५ मीटरची बारीक एक्स्टेंशन वायर होती!

इंडक्शन मोटरचा जास्तीत जास्त टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २०९ ला २२८ ने भागून वर्ग केला तर ०.८४. म्हणजे १६ टक्के टॉर्क वायरने खाल्ला. आज मोटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पुन्हा मोजलं : फरक १६ किलो, गती ११८०, १५५० वॅट. २.०८ एचपी, प्रवाह १७ अँप.

तर माझी १ एचपीची मोटर = २ एचपी पीक. कालचं वाचन मी खोडलं नाही, कारण त्याचीही नोंद राहायला हवी. लांब बारीक वायरवर यंत्र जड कामाला अडतं तेव्हा आपण यंत्राला नावं ठेवतो, दोष बऱ्याचदा वायरचा असतो.

बुधवार, १८ जून

एककांचा छोटा गुंता सोडवला. मेट्रिक अश्वशक्ती वेगळी, ७५ किलो सेकंदाला एक मीटर उचलणं, ७३५.५ वॅट. ब्रिटिश ७४५.७. फरक दीड टक्क्याच्या आत, आपल्या कामाला नगण्य. काही देशांत एअर कंडिशनरही एचपीत विकतात. तिथे १ एचपी म्हणजे ढोबळमानाने तासाला ९००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश माप) उष्णता बाहेर काढणं, म्हणजे २.६ किलोवॅट. त्याचा शाफ्टशी काही संबंध नाही. शब्द तेवढा एक.

शनिवार, २१ जून

व्हॅक्यूमकडे वळण्याआधी पुतणीला ‘पीक’ अंगात उतरवून दाखवायचं ठरवलं. जिन्याची उंची ३.१ मीटर, तिचं वजन ४४ किलो. धावत वर, स्टॉपवॉच माझ्या हातात : २.६ सेकंद. ४४ × ९.८१ × ३.१ भागिले २.६ म्हणजे ५१५ वॅट.

“म्हणजे मी पाऊण घोडा?” ती वरूनच ओरडली.

०.६९, पण पाऊण चालेल. मग म्हटलं, अशीच खाली-वर करत राहा, मी मोजतो. सहाव्या फेरीला ती पायरीवर बसली. माणूस तासन्‌तास काम करत राहील तर साधारण ७५ वॅट, म्हणजे एक दशांश एचपी. ती दम खात म्हणाली, “काका, मग माझ्यावर कुठला आकडा लिहायचा?” तिने विचारलं ते मला गेले दोन आठवडे शब्दांत धरता येत नव्हतं.

दुपारी व्हॅक्यूमच्या स्टिकरचा नुसता कागदी हिशेब. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. काहीही वाया न जाता, पॉवर फॅक्टर पूर्ण धरूनही, २३० व्होल्टवर १६ अँप लागतील. अशा छोट्या ब्रशवाल्या (फिरत्या भागाला कार्बनच्या तुकड्यांतून वीज देणाऱ्या) मोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर २७ अँप. हा व्हॅक्यूम जोडलाय साध्या वायरने, साध्या प्लगला. ज्या देशांत घरगुती वीज १२० व्होल्टची आहे तिथे तर १५ अँपच्या सॉकेटमधून एकूण १८०० वॅट, म्हणजे २.४ एचपीच आत शिरू शकते. बाहेर किती येईल ती गोष्ट वेगळी. तिथेही सहा-साडेसहा एचपीचे व्हॅक्यूम मिळतात.

प्रत्यक्ष मोजलं : १३४० वॅट, ५.९ अँप. खालची पट्टी खरं सांगते.

मग पाच आले कुठून? अशा खोक्यांवर बारीक अक्षरांत खुलासा असतो : पीक एचपी हा प्रयोगशाळेत मोटरने क्षणभर दिलेला आकडा, त्यात फिरत्या भागांच्या जडत्वाचा वाटा धरलेला, प्रत्यक्ष वापरात हा आकडा मिळत नाही. म्हणजे मोटर मोकळी वेगाने फिरवायची, मग अचानक अडवायची, आणि फिरत्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी ब्रेकवर आदळते तीही मोजायची. मिनिटाला वीस हजारांच्या वर फिरणाऱ्या रोटरमध्ये ती बरीच असते. पण ती मोटरची कमाई नाही, साठवण आहे. जिन्यावरून खाली उडी मारताना पायांना बसणारा हादरा आपली चढण्याची ताकद म्हणून लिहावा तसं हे झालं.

रविवार, २२ जून

व्हॅक्यूमची शाफ्ट बाहेर येत नाही, दोरी लावता येत नाही. आणि खरं तर तिथली शाफ्ट मोजून उपयोगही नाही. व्हॅक्यूमचं काम वारा ओढण्याचं. म्हणून वाराच मोजला.

ओढ किती : पारदर्शक नळीचा यू आकार जिन्याच्या भिंतीवर टांगला, अर्धा पाण्याने भरला, एक टोक व्हॅक्यूमच्या बंद केलेल्या होजला (ओढायच्या पाइपला). पहिल्या वेळी नळी आखूड पडली आणि सगळं पाणी व्हॅक्यूमच्या पिंपात गेलं (पाणी चालणाऱ्या प्रकारचा आहे म्हणून निभावलं). दुसऱ्या वेळी दोन्ही बाजू सव्वादोन मीटरच्या. पाण्याच्या पातळीत फरक २०५ सेंटिमीटर. म्हणजे २०.१ किलोपास्कल.

वारा किती : २०० लिटरची मोठी प्लॅस्टिकची पिशवी सपाट करून मागच्या तोंडाला लावली. तीन वेळा भरली, सरासरी ५.६ सेकंद. सेकंदाला सुमारे ३६ लिटर.

यांचा सरळ गुणाकार करायचा मोह होतो, पण तो चुकीचा. होज बंद असते तेव्हा ओढ पूर्ण पण वारा शून्य. होज मोकळी असते तेव्हा वारा पूर्ण पण ओढ जवळजवळ शून्य. दोन्ही टोकांना काम शून्य. जास्तीत जास्त काम मधे कुठेतरी, दोन्ही अर्ध्यावर असताना. मधली रेषा सरळ धरली तर गुणाकाराचा चौथा हिस्सा : सुमारे १८० वॅट.

पाव एचपीलाही थोडी कमी. आत १३४० वॅट गेले, त्यातले सुमारे १३ टक्के वाऱ्याच्या कामी आले. बाकी उष्णता, आवाज, होजमधलं घर्षण. आणि हा वाईट व्हॅक्यूम नाही. भुसा झटक्यात ओढतो. १८० वॅट वारा हे भरपूर काम आहे, त्याला पाच घोड्यांचा मुलामा द्यायची गरजच नव्हती.

पुतणीने आज एक गोष्ट स्वतः शोधली. होजचं तोंड हाताने बंद केलं की मोटरचा आवाज चढतो. आपल्याला वाटतं मोटरवर ताण आला. तिने क्लॅम्प मीटर बघितला तर प्रवाह ५.९ वरून ४.४ वर उतरलेला. वाराच हलत नाही तर पंख्याला काम कुठलं? मोटर हलकी होऊन जोरात फिरते. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकून घाईने होज मोकळी करत होतो. अर्थात जास्त वेळ बंद ठेवूही नये, कारण कित्येक मोटरी त्याच वाऱ्याने थंड होतात.

जाता जाता : युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूमना २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. नियम बनवणाऱ्यांनाही दिसलं होतं की आत जाणारे वॅट वाढवणं म्हणजे साफसफाई वाढवणं नव्हे.

गुरुवार, २६ जून

ड्रिल. अँगल ग्राइंडरही मोजायचा विचार होता, तो सोडला. ११,००० आरपीएमवर माझ्या पुलीच्या कडेचा वेग सेकंदाला ८६ मीटर होतो. बिडाच्या पुलीला त्याच्या निम्म्याच्याही आत ठेवावं लागतं, नाहीतर तिचे तुकडे उडतात. या पुलीवर ग्राइंडर लावायचा नाही, कुणीही.

ड्रिलच्या चकमध्ये पुलीची दांडी धरली. मोकळी गती २८०० च्या जवळ. भार देत देत सर्वांत जास्त वॅट सापडले ते १६९० आरपीएमला, फरक २.३ किलो. शाफ्टवर ३१९ वॅट, आत ५९२. कार्यक्षमता ५४ टक्के. ‘६०० वॅट’चं ड्रिल खरं ०.४३ एचपीचं.

हे वाईट नाही, ब्रशवाल्या युनिव्हर्सल मोटरचं हेच असतं. तिची खुबी वजनात आहे : एका हाताने धरता येईल अशा दोन किलोत तीनशे वॅट. इंडक्शन मोटर तेवढ्या वजनात याच्या जवळपासही येत नाही. फक्त आकडे एका रांगेत ठेवू नयेत. ६०० वॅटचं ड्रिल आणि ०.७५ किलोवॅटची मोटर यांत १५० वॅटचा फरक दिसतो, प्रत्यक्षात मोटर ड्रिलच्या दुपटीहून जास्त आहे.

आता ‘२ एचपी’ म्हणून विकले जाणारे ब्लेंडरही कळतात. त्यांच्या बुडाशी बहुधा १५०० वॅट असतं. १५०० भागिले ७४६, दोन. प्लगमधले वॅट नुसते घोड्यांत बदलले, शाफ्टपर्यंत गेलेच नाहीत. पीकच्या मानाने हे सौम्य, पण माझ्या जुन्या मोटरच्या प्रामाणिक ‘१ एचपी’शी त्याची तुलना होऊ शकत नाही.

शनिवार, २८ जून

सँडरचा निर्णय : १ एचपीची जुनी मोटर.

आराखड्यातला ‘१.५ एचपी’ शाफ्टवरचा की प्लगमधला, अखंड की पीक, काहीच लिहिलेलं नाही. म्हणून आधी १ एचपी लावून बघायची आणि किती लागते ते मोजायचं. एक सोय झालीये : ब्रेकवरच्या वाचनांचा आलेख काढला, आत किती वॅट गेले की शाफ्टवर किती मिळतात याचा. १९० आत, शून्य बाहेर. ५९० आत, ३७८ बाहेर. १०३० आत, ७५५ बाहेर. आता मोटरच माझं मोजमाप. वॅटमीटर बघितला की पट्ट्याला किती ताकद जाते ते आलेखावर कळतं.

आज चौकट, रूळ, पुल्या बसवल्या. व्ही-बेल्ट उद्या.

रविवार, ६ जुलै

सँडर चालला.

नुसता पट्टा फिरताना आत ३४० वॅट. कडक लाकडाची फळी नेहमीच्या दाबाने धरली की ९०० वॅट; आलेखावरून शाफ्टवर साधारण ६४५, म्हणजे ०.८६ एचपी. मुद्दाम अंगाचा भार टाकून दाबलं तर १२५० वॅट, शाफ्टवर सव्वा एचपी. त्या वेळी पट्टा जळकट वास मारतो आणि फळीवर काळे डाग पडतात, म्हणजे तेवढं दाबायचंच नसतं. काही सेकंदांचा असा दाब मोटर सहज सोसते. तिच्याकडे दोन एचपीपर्यंतची शिल्लक आहे, झटक्यापुरती.

४५ मिनिटं सलग काम केलं. दर पाच मिनिटांनी अंगाचं तापमान : ३१, ३८, ४५, ५०, ५४, ५७, ५९, ६०, ६१, ६१. शेवटची दोन वाचनं एकच आल्यावर मी वही मिटली. नेमप्लेटवरचा ‘एस१’ डोळ्यांसमोर घडताना बघितला.

पुतणीने जुन्या रंगाचा डबा शोधून काढला आणि यंत्रांवर आमच्या पट्ट्या लिहिल्या. मोटरवर : ‘शाफ्टवर १ एचपी, दिवसभर.’ ड्रिलवर : ‘घेते ५९२, देते ३१९.’ व्हॅक्यूमच्या स्टिकरशेजारी तिने बराच वेळ ब्रश धरून ठेवला, मग लिहिलं : ‘घेतो १३४० वॅट, वारा १८० वॅट.’ स्टिकर तसंच ठेवलं.

राहिलेलं काम : पाण्याचा पंप. पट्टीवर १ एचपी. किती सेकंदांत किती लिटर, किती उंचीवर, एवढं मोजलं की पाण्यात उतरलेले वॅट निघतील. वरच्या टाकीपर्यंतची उंची पुढच्या शनिवारी दोरी सोडून मोजायची.